डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेलं आजारपण

सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनशी झुंजताना शरीराचेच अवयव निकामी व्हायला लागतात, तो जीवघेणा आजार. त्यातून वाचलेला माणूस घरी येऊन महिना होत नाही तोच लोक ऐकवायला लागतात, "आता बरे झालात ना, मग जरा उठा-बसा की!" कृपा करून हे थांबवा.

आमच्या भाऊजींना मधुमेह. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं, व्हेंटिलेटर लागला. सुटताना फाइलमध्ये गोळ्यांची यादी आणि फेरतपासणीची तारीख, बस्स. पुढे काय वाढून ठेवलंय हे कुणी सांगितलंच नाही. कमोडवरून उठायला आधार लागायचा. केस पुंजक्यांनी गळायला लागले. आयुष्यभर दुकानाची उधारी तोंडपाठ असलेला माणूस शंभरातून बासष्ट वजा करताना अडखळायचा. रात्री दचकून उठायचे, "माझे हात सोडा" म्हणायचे. नळ्या ओढू नयेत म्हणून आयसीयूत हात खरंच बांधले होते. नातेवाइकांचं निदान एकच: मनावर घेत नाहीत.

यात मनावर घेण्यासारखं काय आहे? २०१३ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू मोजला. दहा दिवसांत तो सरासरी १७ टक्क्यांहून जास्त घटला होता. अमेरिकेतल्या २०१० च्या अभ्यासात सेप्सिसमधून वाचलेल्या वयस्कर लोकांमध्ये स्मरणशक्ती आणि रोजची कामं यांतली घसरण आठ वर्षांनंतरही दिसत होती. डॉक्टरांकडे याला नावही आहे, पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम. सेप्सिसच्या उपचारांची २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तर सुचवतात की सुट्टी देतानाच या त्रासांची माहिती तोंडी आणि लेखी द्यावी. जीव वाचवायला लाखो रुपये लागतात, आणि या एका कागदाला काय लागतं? मला याचा खरंच संताप येतो.

म्हणून डिस्चार्जच्या आधी स्वतःहून विचारा. घरी फिजिओथेरपी कोण देणार? नीट गिळता येतंय का, हे पाहिलं का? प्रोटीन किती द्यायचं, विशेषतः किडनीला मार बसला असेल तर? झोप, भीती, विसरभोळेपणा यासाठी कुणाला दाखवायचं? आणि रात्र-रात्र जागलेल्या बायकोचीही विचारपूस करा. आमच्या जाऊबाई कित्येक महिने फोन वाजला तरी थरथरायच्या.

अशा रुग्णांना पुन्हा इन्फेक्शन होण्याचा धोका जास्त असतो. हुडहुडी, धाप, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर "अशक्तपणा असेल" म्हणत सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा आणि दारातच सांगा, यांना आधी सेप्सिस होऊन गेलंय.