टीसीएल टाकल्याने व्हाळ स्वच्छ होत नाही, मरतो

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला, "आते, ह्या खरा काय गे?" खाली तोच फिरत आलेला लांबलचक मजकूर, जो गेल्या महिनाभरात मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर दिसला होता. वर मथळा "नदीतले मासे आणि पसरवलेले गैरसमज", मग पाच मुद्दे, आणि शेवटी "गावातल्या प्रत्येकापर्यंत पोचवा". इतके दिवस मी वाचून सोडून देत होते. पण भाचा बारावीला आहे, त्याच्या घरामागेच व्हाळ म्हणजे ओढा आहे, आणि येत्या रविवारी त्याच्या मित्रांचा कोंडीवर, म्हणजे व्हाळातल्या डोहावर, मासे धरायला जायचा बेत ठरलाय. बरोबर काय न्यायचं, तेही ह्याच मेसेजवरून ठरलंय. म्हणून आता लिहिते.

पहिला मुद्दा जसाच्या तसा: "ब्लीचिंग पावडर विष नाही. पिण्याच्या पाण्यात तीच घालतात. तिने मासे फक्त गुंगतात आणि पाणी उलट शुद्ध होतं."

ब्लीचिंग पावडर म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल म्हणतात ती. विहिरीत ती घालतात, हे खरं. पण किती घालतात? चांगल्या प्रतीची पावडर असेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. चमच्याने मोजायची गोष्ट आहे ही. शिवाय ती घातल्यावर अर्धा-एक तास थांबायचं आणि मगच पाणी भरायचं, हे जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी शुद्ध करणाऱ्या कर्मचाऱ्याला, पढवलेलं असतं.

आता आमच्या घराखालची कोंड घ्या. उन्हाळ्यात ती पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल उरते. म्हणजे दहा हजार लिटर पाणी. पिण्यासाठी शुद्ध करायचं म्हटलं तर त्याला २५ ग्रॅम टीसीएल पुरेल. मासे धरणारा दोन किलोची पिशवी ओततो. ऐंशी पट! ऐंशी पट मीठ घातलेली आमटी कुणी "मीठ तर रोजच खातो" म्हणून पुढ्यात वाढली, तर खाल का?

आणि माशाला ऐंशी पट लागतही नाही. ह्या पावडरीतून पाण्यात उतरतो तो क्लोरीन. ज्यांच्या घरी काचेच्या टाकीत मासे आहेत त्यांना विचारा. नळाचं ताजं पाणी ते थेट टाकीत ओतत नाहीत. ते उघडं ठेवून क्लोरीन उडू देतात, नाहीतर त्यात औषध घालून क्लोरीन मारतात. आपण पितो तेवढा क्लोरीनही माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही. कल्ल्याची त्वचा फार पातळ असते आणि त्या त्वचेतूनच मासा श्वास घेतो. ती भाजली की पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही. म्हणून तो वर येऊन तोंड उघडझाप करतो. मेसेजवाले ज्याला "गुंगणं" म्हणतात, ते हे. मासा गुंगलेला नसतो, गुदमरत असतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. रात्री कुणीतरी पावडर टाकून गेलं होतं. सकाळी वहिनी कपडे धुवायला गेली आणि तशीच परत आली. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर दुधाळ साय होती आणि नाकात झोंबणारा वास. मोठे मासे ज्याने टाकली त्याने रात्रीच नेले होते. मागे राहिले होते बोटाएवढे मळये, शिंगटीची पिल्लं आणि पांढरे पडलेले झिंगे. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पाणी सोडून कातळावर चढून बसल्या होत्या, काही तिथेच मेल्या होत्या. दगड उलटला तर खालचे किडेही मेलेले, आणि मासा वाढतो तो त्यांच्यावरच. शेजाऱ्यांची म्हैस पाण्याला तोंड लावीना. दुपारी आरोग्यसेवक आले आणि त्यांनी विहिरीच्या पाण्याची करतात तीच ओटी टेस्ट केली, पाण्यात किती क्लोरीन आहे ते रंगावरून दाखवणारी. विहिरीच्या पाण्याला फिकट पिवळा रंग येतो. इथे थेट नारिंगी आला, तोही रात्र आणि अर्धा दिवस उलटल्यावर. तिसऱ्या दिवशी तळाशी मेलेलं सगळं कुजलं आणि अख्ख्या वाडीला घाण वास सुटला. असं होतं ते "शुद्ध पाणी".

हा एकच मुद्दा खोटा ठरला तरी मला पुरे. बाकीचे भरभर घेते.

"सुरुंगाने मोठे मासेच मरतात, पिल्लं वाचतात." साफ खोटं. स्फोटाचा धक्का पाण्यातून जातो तो माशाचा आकार बघून जात नाही. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती फुटते. पिशवी फुटलेले कितीतरी मासे तरंगतही नाहीत, तळाशी बसतात. म्हणजे मारणाऱ्याच्या हाती येतात त्याहून जास्त फुकट जातात. हात गमावलेली माणसंही कोकणात काही कमी नाहीत, पण त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

"आपले वाडवडीलही झाडपाल्याने मासे गुंगवत आणि चढणीचे मासे धरत. तेव्हा का नाही संपले?" इथे थोडं खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. रामेठ्याची साल, गेळाची फळं ठेचून कोंडीत टाकत, हे आमच्या आजोबांकडूनच ऐकलंय. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री बत्ती घेऊन चढणीचे मासे धरायला मीही लहानपणी गेलेय. त्या रात्रीचा आनंद मी कुणाला नाकारणार नाही. पण मासा तेव्हा व्हाळातून कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, चढतो तो अंडी घालायला. पोट अंड्यांनी भरलेलं असतं. आजोबांच्या वेळी चार घरांचे चारजण बांबूचा सापळा लावत आणि बाजूने पाणी वाहतं ठेवत, म्हणून बरेच मासे वर पोचत. आता व्हाळाच्या तोंडाला या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणीच्या विणीची जाळी लागते. अंगठ्याएवढं पिल्लूही सुटत नाही. त्यातून वाचला तर वर सिमेंटचा बंधारा आडवा असतो आणि त्यावर मासा चढू शकत नाही. मासा हजारो अंडी घालतो हे खरं, पण घालायला वर पोचला तर ना!

आणि वाडवडिलांचा दाखला द्यायचाच तर पुरा द्या. महाडजवळ वाळणकोंडीत, वाड्याजवळ वैतरणेवर तिळशाला, देवाचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात लावलेला नाही. लोक खायला घालतात आणि हातभर लांबीचे मासे काठाशी येतात. तेही वाडवडिलांनीच ठरवलेलं आहे.

"नदीतल्या मासेमारीला कायदाच नाही, बंदी फक्त समुद्राला." १ जून ते ३१ जुलैची बंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांना आहे, एवढं बरोबर. त्यावरून बाकी सगळं मोकळं, हे कुणी सांगितलं? इंग्रजांनी १८९७ साली मत्स्य कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमात सुरुंग आहे आणि पाचव्यात विष. पाचव्या कलमाचे शब्द बघा: मासे धरण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने विष, चुना किंवा कोणताही अपायकारक पदार्थ पाण्यात टाकणं. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि त्या काळचे दोनशे रुपये. चुनासुद्धा नावानिशी लिहिलाय! सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांना हे कळलं होतं त्यांनी टीसीएल सोडली असती का? पुढे १९७४ चा जलप्रदूषण कायदा आला. त्याचं कलम २४ सांगतं की कोणत्याही प्रवाहात विषारी किंवा प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून टाकायचा नाही. आणि प्रवाह म्हणजे काय, तर त्याच कायद्याच्या व्याख्येत नदीबरोबर ओहोळही येतो, मग तो वाहता असो की सध्या कोरडा पडलेला. म्हणजे मे महिन्यातली आमची कोंडसुद्धा.

शेवटचा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण त्यात दोष दुसऱ्याचा आहे: "मासे कमी झाले ते कारखान्यांच्या पाण्यामुळे, गरीब गावकऱ्याला का बोलता?" कारखान्यांचं आणि शहरांच्या सांडपाण्याचं मी झाकून ठेवणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे आहेत, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वर्षाआड वाचतो. पण आमच्या व्हाळाच्या वर एकही कारखाना नाही. वर आहे फक्त डोंगर आणि दोन वाड्या. तिथे मासे कुणी मारले? शिवाय कारखान्याने रात्री पाणी सोडलं की आपण ज्या कलमाखाली तक्रार करायला जाणार ते हेच, कलम २४. पिशवी ओतणारे हात घेऊन ती तक्रार कशी लिहायची?

भाच्याला मी हिशोब तेवढा पाठवला, लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. आज सकाळी तो टेप घेऊन कोंडीवर गेला होता. त्याचं उत्तर साडेअकरा हजार लिटर आलं, माझ्यापेक्षा जास्त, म्हणजे पिण्यापुरती टीसीएल २९ ग्रॅमच्या आतच. त्याने ते मित्रांच्या ग्रुपवर टाकलंय. रविवारी जाणार आहेत ते, पण गळ घेऊन.