पडद्याआड उभा आहे तो पुठ्ठा

देवगडला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा माझी नऊ वर्षांची भाची तिन्हीसांजेनंतर मागल्या पडवीत पाऊल टाकायला तयार नव्हती. कारण विचारले तर तिने आईच्या फोनवर एका गटात आलेला व्हिडिओ दाखवला: 'सिनेमात चुकून टिपलेली सत्ये'.

त्यातला पहिला दावा असा की, 'थ्री मेन अँड अ बेबी' या १९८७ च्या चित्रपटात खिडकीच्या पडद्याआड दिसणारा मुलगा म्हणजे त्याच घरात मेलेल्या मुलाचे भूत आहे. मुळात ते घरच नव्हते. कथेतला फ्लॅट टोरांटोच्या स्टुडिओत उभारलेला सेट होता. जिथे कधी कोणी राहिलेच नाही, तिथे कोणाचे मूल मरणार? दिसणारी आकृती अभिनेता टेड डॅन्सन याचा पुठ्ठ्याचा कटआउट आहे. चित्रपटातले त्याचे पात्रही नटाचेच आहे आणि त्या पात्राच्या जाहिरातीच्या उपकथानकासाठी हा कटआउट बनवला होता. ते उपकथानक संकलनात गळाले, कटआउट मात्र खिडकीपाशी राहून गेला. अफवांची छाननी करणाऱ्या स्नोप्स या संकेतस्थळाने हे सविस्तर मांडून कित्येक वर्षे झाली. तरीही अंधूक प्रत घ्यायची, लाल वर्तुळ काढायचे आणि आईबापांच्या दुःखाची खोटी कहाणी रचून पोरांच्या हाती द्यायची, याची मला मनस्वी चीड येते.

दुसरा दावा चॅप्लिनच्या 'द सर्कस'मध्ये, १९२८ साली, मोबाइलवर बोलणारी बाई दिसल्याचा. ती बाई चित्रपटात नाहीच. डीव्हीडीला जोडलेल्या, प्रीमियरच्या वेळच्या चित्रफितीत आहे. कानाशी धरायची श्रवणयंत्रे तेव्हा मिळत होती, मोबाइलचे टॉवर नव्हते.

निर्माते चुका कळूनही ठेवतात, हा तिसरा दावा मात्र अर्धा खरा आहे, हे मान्य करावे लागते. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) गोळी सुटण्यापूर्वीच मागच्या टेबलावरचा मुलगा कानांत बोटे घालतो. संकलक थेल्मा स्कूनमेकर यांनीही कंटिन्युइटीपेक्षा, म्हणजे एका शॉटच्या दुसऱ्याशी जुळणीपेक्षा, अभिनय महत्त्वाचा मानल्याचे सांगितले आहे. पण जुळणी बिघडली तरी चांगला टेक ठेवणे वेगळे आणि भूत लपवणे वेगळे.

त्या रात्री पडवीच्या खिडकीत मी भावोजींचा रेनकोट टांगला, वर टोपी ठेवली आणि भाचीला माजघरातून पाहायला लावले. जाळीच्या पडद्याआडून तो हुबेहूब माणूस दिसत होता. मग माझा हात घट्ट धरून ती पडवीत आली आणि तिनेच पडदा बाजूला केला. हे सारे मी त्या गटात लिहिले आहे. व्हिडिओ अजून तिथेच आहे.