'इन' दिसला की नकार नव्हे!

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याशा क्लासचं रील आज सगळ्यांच्या वॉलवर फिरतंय. सर ठणकावून सांगतात, शब्दाआधी 'इन' आला की अर्थ उलटा. झालं, पुढचा प्रश्न! अहो सर, पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. तुमचा विद्यार्थी तिथेच विडी पेटवेल ना!

लॅटिनमध्ये 'इन' दोन. दिसायला जुळे, नात्याने परके. एक नकाराचा: इनव्हिजिबल, इनकरेक्ट. दुसरा 'आत, वर' अशा अर्थाचा: इनहेल, इम्पोर्ट. टँकरवरचा हा दुसरा. इनफ्लमारे म्हणजे पेटवणे. डॉक्टर ज्याला इनफ्लमेशन म्हणतात तोही याच घरातला, आणि मराठीत आपण त्याला दाहच म्हणतो.

घोळ होतो कारण दोघे रूपही सारखंच पालटतात. पुढे प, ब, म आला की 'इम', ल आला की 'इल', र आला की 'इर'. म्हणून इल्लीगलमध्ये नकार आहे, इल्युमिनेटमध्ये नाही. इरेग्युलरमध्ये आहे, इरिगेशनमध्ये नाही. (तिथे नकार शोधलात तर पाटबंधारे खातं कोरडं पडेल.)

ओळखायचं कसं? शब्द कुठल्या क्रमाने जोडलाय ते बघा. लीगल, पॉसिबल ही विशेषणं आधीच तयार होती, 'इन' नंतर चिकटला, म्हणजे बहुधा नकार. उलट 'इनफ्लेम' हे क्रियापद आधी तयार झालं, 'एबल' शेपटीला मागाहून लागला. नुसता 'इन' खोडून बघाल तर इथे हमखास फसाल.

बरं, गोंधळ खरा आहे, मान्य. अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकातच 'इनफ्लेमेबल'ऐवजी त्याच अर्थाचा 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला, तो याच भीतीने. आपले टँकर मात्र अजून जुन्याच शब्दावर धावतायत.

आणि रीलमधल्या त्या नकारी 'इन'शी तरी आपलं कुठे वाकडं आहे? तो आपल्या 'अ', 'अन्'चा सख्खा भाऊ. इम्मॉर्टल आणि अमृत हे शब्द दोन्ही तुकड्यांनी एकच आहेत: नकार अधिक मरण. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. हे सांगितलं असतं तर पोरं जन्मात विसरली नसती!

एक गोष्ट मात्र सरांसारखी घोकूनच घ्यावी लागते, नकाराला इंग्रजी 'अन' कुठे लागतो आणि 'इन' कुठे: अनेबल पण इनॅबिलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस, अनइक्वल पण इनइक्वॅलिटी.