भिंत पिवळी दिसते, त्यात माझा वाटा किती?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण तक्रार खरी आहे. 'उबदार ऑफव्हाइट कधी चुकत नाही' हे माझ्या लेखातलं वाक्य वाचून तुम्ही बैठकीची खोली रंगवलीत आणि आता ती कावीळ झाल्यासारखी दिसते, असं तुम्ही लिहिलंय. वर 'पांढऱ्याच्या शंभर छटा ही निव्वळ रंगवाल्यांची चलाखी, सगळ्या सारख्याच' हा शेरा. पहिलं मान्य. तुमच्या खोलीत उजेड कसा येतो हे न विचारता असं छातीठोक लिहायला नको होतं. दुसरं मात्र मान्य नाही. सगळ्या छटा सारख्या असत्या तर तुमचीच भिंत अशी पिवळी कशी झाली?

ऑफव्हाइट म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा बेस आणि त्यात किंचित पिवळा, तांबडा, काळा. प्रमाण इतकं कमी की शेडकार्डावर नुसती पाहिली तर प्रत्येक चिठ्ठी पांढरीच वाटते. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, मग एक गुलाबीकडे झुकलेली दिसेल, दुसरी हिरवटाकडे, तिसरी सरळ पिवळी. माझा अनुभव असा की कार्डावर जराशी मळकट वाटणारी छटा भिंतीवर शांत दिसते. कार्डावर जी प्रसन्न वाटते तीच चारी भिंतींवर गेली की अंगावर येते. याला कारण आहे. एका भिंतीवरचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून परत येतो, आणि दर खेपेला तोच पिवळेपणा थोडा थोडा गडद होतो. दोन बोटं रुंदीच्या चिठ्ठीत हे कळणार कसं?

आता तुमच्या खोलीबद्दल. तुम्ही लिहिलंय की छटा दुकानात ट्यूबलाइटखाली निवडली, घरी दिवे पिवळे आहेत आणि छत पांढरंशुभ्र ठेवलंय. मला वाटतं, निम्मं उत्तर इथेच आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. पांढऱ्या ट्यूबचा उजेड बहुधा 6500 केल्विनच्या आसपास असतो, निळसर. पिवळे दिवे 2700 ते 3000 केल्विनचे. म्हणजे छटा एका उजेडात पसंत केली आणि नांदवली दुसऱ्याच उजेडात. त्यात डोक्यावर शुभ्र छत, त्याच्या तुलनेत भिंत आणखीच पिवळी भासणार. म्हणून लगेच रंगाऱ्याला बोलावू नका. आधी 4000 केल्विनचे दिवे लावून बघा, शक्यतो 90 च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) असलेले. रात्रीचा पिवळेपणा गेला तर दोष दिव्यांचा होता. भरदिवसा, दिवे बंद असतानाही तो टिकला तर मात्र छटाच चुकली आहे. तरीही मी आधी छताला भिंतीचीच छटा निम्म्या प्रमाणात करून द्यायला सांगेन, ते काम चार भिंतींपेक्षा लहान.

नमुना न लावता रंगवू नका हे मी त्या लेखात लिहिलं होतं, पण कसा लावायचा ते लिहिलं नाही, आणि त्यात मी स्वतः फसलोय. आमची जुनी भिंत निळसर होती. तिच्यावरच मी चार पट्टे ओढले, चारही पिवळे वाटले, चारही नाकारले. दोष त्या निळ्या शेजाराचा होता. तेव्हापासून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देतो, पूर्ण वाळू देतो (ओला रंग बघून मत बनवण्यात अर्थ नाही) आणि तो पुठ्ठा दोन दिवस खोलीभर फिरवतो. खिडकीसमोर, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि मुख्य म्हणजे जमिनीलगत, कारण लाल किंवा तपकिरी फरशीची झाक भिंतीवर चढते.

एलआरव्हीचा आकडा बघून निवडायला हवं होतं का, असंही तुम्ही विचारलंय. शून्य ते 100 मधला तो आकडा भिंत किती उजेड परतवते एवढंच सांगतो. झाक सांगत नाही.

आणि 'ही अजून पिवळी पडत जाणार का?' पाण्यात मिसळायचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन असेल तर ती काळजी सोडा. काळासोबत पिवळा पडतो तो तेलरंग, आणि तोही उजेड न लागणाऱ्या जागी जास्त, उदाहरणार्थ कपाटाआड गेलेली चौकट. तुमच्या दारांना तेलरंग असेल तर लक्ष तिकडे ठेवा.

ते छातीठोक वाक्य मी लेखातून काढलंय. दिवे बदलल्यावर काय दिसलं ते कळवा, पण दुपारचं आणि रात्रीचं वेगवेगळं लिहा.