‘संदर्भ तपासतंय कोण?’ म्हणणाऱ्यांसाठी

‘प्रबंधासाठी ऑनलाइन संदर्भ : पाच सोपे नियम’ नावाचा एक मेसेज एमए, पीएचडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्या भाचीने तो प्रमाण मानून लघुशोधप्रबंधाची संदर्भसूची केली आणि ‘मावशी, एकदा नजर टाक’ म्हणून मला पाठवली. टाकली नजर. म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेज थोडक्यात असा : लिंक दिली की संदर्भ पूर्ण झाला. संकेतस्थळ पाहिल्याची तारीख हल्ली कुणी देत नाही. शोधून मिळालेल्या माहितीला ‘स्रोत : गूगल’ पुरतं. यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) 10 टक्के कॉपी मान्य आहे, तेवढ्याला संदर्भ लागत नाही. आणि संदर्भ कमी पडले तर चॅटजीपीटीकडून एपीए या संदर्भलेखनाच्या पद्धतीत हवे तेवढे करून घ्या, तपासतंय कोण? खाली हात जोडलेले, आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

शेवटच्या नियमापासूनच सुरुवात करते. बाकीच्या चारांनी गुण जातील, याने अब्रू जाईल.

चॅटजीपीटीकडे नुसती यादी मागितली, तर तो कुठल्या ग्रंथालयाची सूची चाळत बसत नाही. वाचलेल्या मजकुराच्या वळणावर पुढे काय शोभेल ते तो रचत जातो. म्हणून लेखक खरा असतो, नियतकालिक खरं असतं, वर्ष-अंक-पृष्ठं अगदी नेटकी असतात, फक्त तो लेख बऱ्याचदा कुणी लिहिलेलाच नसतो. भाचीच्या यादीत एका दिवंगत समीक्षकांचा लेख होता, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षातला. ‘मरणोत्तर छापला असेल’, हे तिचं उत्तर. असेल बाई, पण मग तो अंक दाखव!

इंग्रजी शोधनिबंधाला बहुधा डीओआय, म्हणजे त्या निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, असतो. तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की खोटेपणा तिथल्या तिथे उघडा पडतो : एकतर काहीच उघडत नाही, नाहीतर भलत्याच विषयाचा निबंध उघडतो. मराठी नियतकालिकांच्या जुन्या अंकांना ही सोय नाही. ‘नवभारत’ मासिकातला जुना लेख पडताळायचा तर ग्रंथालयात जाऊन धूळ झटकत अंक काढावा लागतो, आणि ते करायला फारसं कुणी जात नाही. हा सल्ला आपल्याकडे जास्त घातक आहे तो त्यामुळेच. तुमच्या प्रबंधातला बनावट लेख पुढचा विद्यार्थी उचलणार, त्याच्याकडून त्याच्यापुढचा. मग ‘या विषयावरचा महत्त्वाचा लेख’ म्हणून त्याचा उल्लेख व्हायला लागतो.

आणि तपासतात बरं का. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात ‘माता विरुद्ध एव्हियांका’ या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे आधार म्हणून जोडले. विमान कंपनीच्या वकिलांना ते कुठेच सापडेनात. वकीलसाहेबांनी हे निवाडे खरे आहेत ना, याची खात्रीही चॅटजीपीटीलाच विचारून करून घेतली होती, म्हणजे चोरालाच साक्षीला उभं केलं. न्यायाधीशांनी 5,000 डॉलर दंड ठोठावला.

आता ते 10 टक्के. यूजीसीचे वाङ्मयचौर्य रोखण्याबाबतचे 2018 चे विनियम हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकाने तरी वाचलेत का? श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे सगळं साम्याच्या मोजणीतून आधीच वगळलेलं असतं. उरलेल्या मजकुरात 10 टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर ते किरकोळ धरून शिक्षा करत नाहीत, एवढंच. शिक्षा नाही याचा अर्थ परवानगी आहे असा कुणी काढला? त्याच विनियमांत गोषवारा, गृहीतकृत्य, निरीक्षणं, निष्कर्ष यांत साम्य नकोच असं म्हटलं आहे. सलग 14 शब्दांपर्यंतचा योगायोग तेवढा माफ. 10 ते 40 टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, 40 ते 60 ला वर्षभर सादर करायला बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. मेसेजात यातला फक्त सोयीचा आकडा आला.

‘स्रोत : गूगल’बद्दल काय बोलायचं! गूगलने ते लिहिलेलं नाही. त्याने जिथे नेऊन सोडलं, त्या पानावर नाव शोधा.

नुसत्या लिंकचंही तेच. शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला) प्रबंध वापरला तर एकेका प्रकरणाच्या पीडीएफची हातभर लिंक डकवून उपयोग नाही. संशोधक, शीर्षक, विद्यापीठ, वर्ष द्या, आणि त्या नोंदीच्या पानावरचा, 10603 हा आकडा असलेला कायमचा पत्ता द्या. मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, ते गाळून नुसतं ‘मराठी विश्वकोश’ लिहिणं हा त्या लेखकावर अन्याय आहे. शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक छापलेला असतो. विभाग, विषय, दिनांक आणि तो आकडा असला की संकेतस्थळाची मांडणी बदलली तरी कागद हुडकता येतो.

तारखेबाबत मात्र मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. एमएलए या संदर्भलेखनाच्या दुसऱ्या पद्धतीने 2016 च्या आठव्या आवृत्तीपासून पाहिल्याची तारीख ऐच्छिक केली. एपीएची सातवी आवृत्तीही ती फक्त बदलत्या मजकुरालाच मागते. पण आपण वापरतो ते काय? सरकारी पोर्टल, बातम्यांची संकेतस्थळं, विकिपीडिया : सगळा बदलताच मजकूर. शिवाय विद्यापीठाची पुस्तिका तारीख मागत असेल, तर तिथे एपीएचा दाखला चालत नाही. हार्वर्डच्या झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांनी कायद्याच्या नियतकालिकांतल्या लिंका तपासल्या, तेव्हा 70 टक्क्यांहून अधिक लिंका मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या निम्म्या. तेव्हा तारीख लिहाच, आणि पान वापरलं त्याच दिवशी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून तो पत्ताही मूळ पत्त्याशेजारी द्या. त्याला पैसे पडत नाहीत, आणि मजकूर मराठी असला तरी चालतो.