मणी, मल्ल आणि गब्बर

ताई, नमस्कार.

इतकी सविस्तर आणि इतकी चिडून लिहिलेली प्रतिक्रिया बऱ्याच दिवसांनी आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : राक्षसांचं, खुन्यांचं आकर्षण ही निव्वळ विकृती आणि मी लेखात तिला तात्त्विक मुलामा दिला, इंदुरात पोहे-जिलेबी खात असलं लिहिणं सोपं, ग्वाल्हेरच्या लोकांनी चंबळचे डाकू भोगलेत, आणि मारणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ, मेलेल्यांचं कुणालाच नाही.

चंबळचं मान्यच. भिंडकडचा खरा गब्बरसिंग लोकांची नाकं कापायचा. १९५९ साली तो चकमकीत मारला गेला. १९७५ला ‘शोले’ आला आणि पुढे पडद्यावरचा गब्बर चक्क बिस्किटांच्या जाहिरातीत झळकला. ज्या घरातलं नाक गेलं, तिथे ती जाहिरात कशी वाटली असेल, हे तुम्हीच जास्त चांगलं सांगाल. पण टाळ्या पिटणारा प्रत्येक प्रेक्षक विकृत होता, हे काही मला पटत नाही. सोळा वर्षं उलटलेली आणि मध्ये पडदा, एवढी सोय झाली की माणूस भीतीला जरा न्याहाळून घेतो.

आणि हे काही सिनेमाने शिकवलेलं नाही. होळकरांच्या या गावात खंडोबा परका नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा आपण खातो, तो त्याने मणी-मल्लांवर मिळवलेल्या विजयाचा. त्या कथेचा शेवट जरा आठवा. दोघे भाऊ भाऊ. मणी हरल्यावर शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि वर मागितला काय, तर तुझ्या प्रत्येक देवळात मला जागा हवी आणि बकऱ्याचा नैवेद्य हवा. मिळालं! मल्लाने मात्र मरतानाही जगाचा नाश आणि नरमांसच मागितलं. त्याचं मस्तक देवळाच्या पायरीशी पडलं, भक्त त्यावर पाय देऊन वर जातात. भंडारा उधळत ‘येळकोट येळकोट’ करणारा माणूस एका दैत्याला हात जोडतो, दुसऱ्याला तुडवतो, पण दोघांना टाळून त्याला देवापर्यंत जाता येत नाही. युद्धाचं वर्णन मी तरी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. एक भाऊ वळला, दुसरा का वळला नाही, तिथे मात्र कान टवकारतात.

खऱ्या आयुष्यातही ओढ याच प्रश्नाची. १९७६-७७मध्ये पुण्यात दहा खून करणारी टोळी निघाली चित्रकला शिकणाऱ्या पोरांची. त्यांना शिंगं-सुळे असते तर लोकांनी विषय केव्हाच सोडला असता. १९८३ला फाशी झाली, तरी कुणी पुणेकर पाहुणा घरी आला आणि विषय निघाला की आमच्याकडे चहा गार व्हायचा. त्याच वर्गातली बाकीची पोरं चित्रंच काढत राहिली ना?

तुमचा तिसरा मुद्दा मला जास्त टोचला, पण तो अर्धाच खरा आहे. पुण्याच्या त्या टोळीतल्या जक्कलचं नाव लोकांना ठाऊक असतं, तरी ते प्रकरण आजही ‘जोशी-अभ्यंकर’ म्हणूनच ओळखलं जातं, मेलेल्यांच्या आडनावांनी. उलट मुंबईत १९६८ साली पकडला गेलेला रामन राघव घ्या. त्याने मारलेली माणसं फूटपाथवर, झोपड्यांत झोपलेली होती. त्यांच्यातलं एकही आडनाव त्या प्रकरणाला चिकटलं नाही. मेलेला कुठे राहत होता, यावर हे ठरलेलं दिसतं. याचा दोष राक्षसाच्या आकर्षणाला किती द्यायचा आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना किती?

नातवाला बकासुराची गोष्ट सांगणं बंद करा, हा सल्ला मात्र मी मानणार नाही. गाडाभर भात आणि दोन रेडे इथवर आलो की तो विचारतो, “शिंगांसकट?” आणि भीम यायच्या आत मला उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या घरी किंवा शेजारीपाजारी डाकूंचा काळ भोगलेलं कुणी असेल, तर त्यांच्या तोंडची हकीकत लिहून पाठवा. नावगाव न घालता, एका अक्षराची काटछाट न करता इथेच छापतो.