एकशे त्रेसष्ट पिशव्या

एक तारखेला ठरवलं, महिनाभर घरात येणारं सगळं प्लास्टिक वहीत लिहायचं आणि ते जातंय कुठं तेही बघायचं. बायको म्हणाली, "अहो, आधी लाईट बिल भरा." भरलं आणि वही काढली.

सकाळी नऊच्या आत अर्धं पान संपलं. दुधाच्या दोन पिशव्या, शॅम्पूच्या पुड्या, शेंगाचटणीचं पाकीट, कडक भाकरीचं पाकीट, पोराचे चिप्स. डब्याबाटल्यांच्या बुडाला त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतोय, १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी, हे कळल्यापासून मी दिसेल ती वस्तू उलटी करून बघायला लागलो, त्यात झाकण सैल असलेली तेलाची बाटलीपण आली, तो विषय राहू दे. बरं त्या आकड्यानं रिसायकल होतंयच असंपण नाही, नुसती जात कळते. पत्रिकेत गोत्र असतंय तसं, म्हणून लग्न जमतंय का?

आणि हे सगळं धुऊन द्यायचं म्हणे. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, वर मे महिना, आणि मी चटणीचं तेलकट पाकीट घासत बसलोय. आईनं फक्त बघितलं. ती दुधाच्या पिशव्या भांड्याच्या शेवटच्या पाण्यात बुचकळून दोरीवर घालती, माझ्या जन्माच्या आधीपासनं, वहीबिही काही नाही.

मग दाराआडची पिशव्यांची पिशवी मोजायला घेतली. एकशे त्रेसष्ट! त्यातल्या काही दुकानांची दुकानंच बंद पडलीत. म्हटलं, "आई, २०१८ पासनं बंदी आहे ह्याच्यावर."

"वापरायला बंदी आहे ना? मी कुठं वापरतीय, ठेवतीय."

महिनाअखेर भंगारवाला आला. बाटल्या घेतल्या, डबे घेतले, दुधाच्या पिशव्या तर हसत घेतल्या. चिप्सच्या पाकिटांचा गठ्ठा मात्र तसाच परत. त्यात प्लास्टिक आणि चंदेरी ॲल्युमिनियमचे थर एकमेकाला असे चिकटलेले असतात की ते सोडवत बसणं कुणालाच परवडत नाही, हे मी त्यालाच समजावून सांगायला लागलो. तो म्हणाला, "ते ठाव आहे की मालक, म्हणून तर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

महिन्याची कमाई बावीस रुपये. माल भरायला त्यानं एक पिशवी मागितली. आईनं दाराआडनं शोधून शोधून त्यातल्या त्यात फाटकी काढून दिली आणि मला म्हणाली, "एकशे बासष्ट लिही."